‘पाण्यावरचं पुस्तक आहे का?’

पत्राचा गोषवारा : वाचक 31 वर्षांच्या आहेत. रसायनशास्त्रात एम.एस्सी. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. दर जूनला नव्याने मुलाखत, नऊ महिन्यांची नेमणूक, मानधन मिळेल तेव्हा. सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, तीनदा दिली, तिन्ही वेळा थोडक्यात हुकली. आता बी.लिब. आणि एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या घेऊन महाविद्यालयात ग्रंथपाल व्हावं असं त्यांच्या मनात आहे. कारणं चार : वाचनाची लहानपणापासून आवड, वर्गातल्या गोंगाटाचा कंटाळा, ग्रंथालयशास्त्राची सेट सोपी असते असं कानावर आलंय, आणि पगार प्राध्यापकाइतकाच. वडील म्हणतात, ‘‘एवढं शिकून पुस्तकांवरची धूळ झटकणार?’’ पतीचा विरोध नाही, पण ते विचारतात, ‘‘परत दोन वर्षं शिकायचं आणि मग पुन्हा रांगेतच उभं राहायचं ना?’’

तुमच्या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न तुमच्या यजमानांचा आहे. त्याच्याकडे येतेच. आधी तुमची कारणं बघू.

मी 29 वर्षं महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत काढली, पहिली सात विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी. ‘वाचनाची आवड आहे म्हणून या क्षेत्रात आले’ हे वाक्य मी मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून ऐकलंय, आणि एकदा स्वतः म्हटलंयही. आवड असावीच. पण ग्रंथपालाला दिवसभर वाचायला मिळतं हा समज मुळातच खोटा. मुखपृष्ठ, आतलं नावाचं पान आणि त्याच्या मागचं पान, एवढं मी हजारो पुस्तकांचं वाचलंय. त्याच्या पुढच्या पानावर गेलं की टेबलावरचा ढीग तसाच राहतो. वाचायचं ते घरी, रात्री, जेवणं झाल्यावर, चारचौघांसारखं.

मग दिवसभर करायचं काय? सकाळी वर्तमानपत्रं काठ्यांना लावायची. ते काम परिचराचं, पण तो रजेवर असला की तुमचं. विक्रेत्याचं बिल आलेलं असतं आणि त्यात ठरलेल्यापेक्षा सूट कमी धरलेली असते, त्यावर फोन. नव्या पुस्तकांना दाखल अंक (प्रत्येक प्रतीचा नोंदक्रमांक) द्यायचे, विषयानुसार वर्गांक ठरवायचा, कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीत नोंद करायची, पाठीवर लेबल, आत बारकोड. अकराच्या सुमाराला प्राचार्यांचा निरोप येतो, महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी ग्रंथालयाची आकडेवारी दुपारी तीनपर्यंत हवी. तोवर काउंटरवर जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी रांग लागलेली असते आणि पंख्याखालच्या खुर्चीवरून दोघांचं वाजलेलं असतं. एखादे ज्येष्ठ सर निवृत्तीच्या आदल्या दिवशी ‘काही येणे नाही’ या दाखल्यावर सही मागायला येतात. त्यांच्या नावावर बारा वर्षांपासून 40 पुस्तकं असतात. हे सर तुम्हाला प्रत्येक महाविद्यालयात भेटतील, फक्त आकडा बदलेल.

उन्हाळ्यात स्टाफरूमला कुलूप असतं तेव्हा तुमची पुस्तकांची पडताळणी चालू. एकाने कपाटापुढे उभं राहून दाखल अंक वाचायचे, दुसऱ्याने यादीवर खुणा करायच्या. पाच-सहा हजारांनंतर घसा बसतो. कसर माणसाला चावत नाही हे माहीत असूनही अंगाला खाज सुटते. आणि शेवटी काही पुस्तकं सापडत नाहीतच. केंद्र सरकारच्या आर्थिक नियमांत लिहून ठेवलंय की वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ झाले तर ते वाजवी नुकसान समजावं, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. तरी एक पुस्तक कमी भरलं की ‘मॅडमच्या पगारातून कापा’ म्हणणारे निघतातच. हा नियम आत्ताच पाठ करून ठेवा.

दुसरं कारण शांतता. इथे मला डॉ. रंगनाथनांची गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांची पंचसूत्री, म्हणजे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम नव्हे, ती तुम्हाला बी.लिब.च्या पहिल्या आठवड्यात भेटेल. रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, आणि त्यामागे ग्रंथप्रेमापेक्षा बऱ्या पगाराचा वाटा मोठा होता. तिथे गेले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. जागा आहे, पुस्तकं आहेत, माणूस नाही. मला पुन्हा वर्गात घ्या म्हणून ते कॉलेजात परत गेले. आधी इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून या, तरीही नको वाटलं तर बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. ते लंडनला गेले, तिथली ग्रंथालयं हिंडले, समाजाच्या सगळ्या थरांतली माणसं तिथे येऊन पुस्तकं नेताना पाहिली, आणि परत आल्यावर वर्गात जायचं नाव काढलं नाही. पुढची वीस वर्षं तिथेच राहिले.

म्हणजे ज्या शांततेसाठी तुम्ही इकडे यायचं म्हणताय, त्या शांततेला कंटाळून आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक पळून निघाले होते.

तेव्हा जरा नीट तपासा, कंटाळा नेमका कशाचा आलाय? मुलांचा? की ऐंशी जणांना एकदम तीच गोष्ट सांगण्याचा? की दर जूनला पुन्हा मुलाखतीला बसण्याचा? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या पत्रात त्या एकाच ओळीत आल्यात. मुलांचा कंटाळा असेल तर ग्रंथालय ही चुकीची जागा. वर्गात मुलं निदान घंटेनंतर जातात. तिसरा कंटाळा असेल तर तो ग्रंथालयाने जाणार नाही, कायम नोकरीने जाईल, मग ती कुठलीही असो. दुसरा असेल तर मात्र आपण पुढे बोलू.

त्यासाठी एक प्रसंग सांगते. 1998 च्या आसपासचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा काउंटरशी आला. ‘‘पाण्यावरचं पुस्तक आहे का?’’ परिचराने सिंचनावरचं दिलं. त्याने उभ्या उभ्या चाळलं आणि ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. या वेळी त्याला जलप्रदूषणावरचं जाडजूड पुस्तक मिळालं. तेही ठेवून गेला. तिसऱ्या दिवशी मी त्याला आत बसवलं आणि विचारलं, पाण्याचं नेमकं काय हवंय? बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, बहिणीच्या दातांवर तपकिरी डाग आलेत. नऊ वर्षांची आहे. गावातल्या सगळ्याच पोरांच्या दातांवर आहेत. हातपंपाच्या पाण्याने होतं म्हणतात. पाणी तपासलेला कागद मिळालाय, पण त्यातला आकडा चांगला की वाईट ते कळत नाही. शर्टाच्या खिशातून त्याने चौघडी केलेला कागद काढला. फ्लोराइड, 2.8.

त्याला पुस्तक नकोच होतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक हवं होतं, क्रमांक 10500, आणि त्यातली एक ओळ. आमच्याकडे ते नव्हतं. आज मोबाइलवर दोन मिनिटांत सापडेल. तेव्हा मी जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ग्रंथपालांना फोन लावला. त्यांनी झेरॉक्स काढून पाकीट संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलं. दुसऱ्या दिवशी मुलाने तक्त्यावर बोट ठेवून वाचलं : इष्ट मर्यादा 1.0 मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. आधी वहीत उतरवून घेतलं आणि मग हळूच विचारलं, ‘‘हा कागद घरी न्यायला इश्यू करता का?’’

हे वाचताना तुमचं मन कुठे अडकलं? 2.8 हा आकडा पाहून तो कुठल्या पद्धतीने काढला असेल, इलेक्ट्रोड वापरला की रंगमापन केलं, हे आधी डोक्यात आलं असेल, तर तुम्ही पक्क्या रसायनशास्त्राच्या आहात. सेट चौथ्यांदा द्या. तो मुलगा पहिल्याच दिवशी खरं काय ते का बोलला नाही, असा प्रश्न पडला असेल, तर तुम्ही आमच्यातल्या असू शकता. शोधणाऱ्याला स्वतःलाच धड माहीत नसतं आपण काय शोधतोय, आणि ते त्याच्याकडून काढून घेण्यात ज्याला गोडी वाटते तो या कामात टिकतो. पुस्तकांची आवड असलेले पण माणसांचा वैताग असलेले ग्रंथपालही मी पाहिलेत. त्यांची कपाटं फार नीटनेटकी असतात आणि बहुतेक वेळा कुलूपबंद.

आता सेट. ग्रंथालयशास्त्राची सेट सोपी हे तुमच्या कानावर घालणाऱ्याने ती दिली नसावी. दोन पेपर, पहिल्यात 50 प्रश्न, दुसऱ्यात 100, एकूण 300 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हे तुम्हाला माहीतच आहे. पात्र ठरतात ते परीक्षेला बसलेल्यांतले 6 टक्क्यांच्या आसपास, मग विषय कुठलाही असो. पहिला पेपर सगळ्या विषयांना एकच, म्हणजे तिथली तुमची मेहनत वाया जात नाही हे खरं. पण तुमचे गुण कुठल्या पेपरात कमी पडले ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिन्ही निकालपत्रं समोर घेऊन बसा. पहिल्या पेपरातच कमी पडत असतील, तर विषय बदलून काही होणार नाही. पहिल्या पेपराचीच तीन महिने तयारी करा आणि रसायनशास्त्र सोडू नका. माझ्या मते हा निर्णयातला सगळ्यात स्वस्त टप्पा आहे आणि तो तुम्ही वगळलाय.

पगाराचं तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयीन ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट लागते. नियमाप्रमाणे पीएच.डी. झालेल्यांना नेट-सेटची सूट मिळते. वेतनस्तर 10, सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये, म्हणजे सहायक प्राध्यापकाइतकंच. पण हे अनुदानित आणि शासकीय पदांचं झालं. विनाअनुदानित ठिकाणी नियम तोच टांगलेला असतो आणि हातात पडतं त्याहून खूपच कमी.

आणि आता यजमानांचा प्रश्न. हो, पुन्हा रांगच. या रांगेत माणसं कमी आहेत, पण खिडकीही एकच आहे. महाविद्यालयात प्राध्यापक तीस-चाळीस असतात, ग्रंथपाल एक. तो निवृत्त झाल्याशिवाय जागा होत नाही. झाली तरी भरतीची परवानगी येईपर्यंत चार-चार वर्षं लिपिकाच्या किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या अंगावर ग्रंथालय टाकलेलं मी पाहिलंय. जाहिरात निघालीच तर तीन गोष्टी विचारायच्या : पदाला उच्च शिक्षण सहसंचालकांचं ना हरकत प्रमाणपत्र आहे का, बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची यादी) तपासून झालीय का, विद्यापीठाने जाहिरात मान्य केलीय का. लाजायचं नाही, कार्यालयात जाऊन सरळ विचारायचं.

चौथी गोष्ट कुणी कागदावर लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. काही ठिकाणी कायम पदासाठी दाराआड रक्कम मागितली जाते. त्याची पावती नसते, मान्यता अडली तर पैसे परत मिळत नाहीत, आणि ते बेकायदा आहे हे तर आहेच. तुम्ही दोघांनी आज, डोकं शांत असताना, ठरवून टाका की शेत विकून किंवा दागिने मोडून नोकरी घ्यायची नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री हा विचार नीट होत नाही.

एवढं निराश केल्यावर आता तुमची जमेची बाजू, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही एम.एस्सी.ला ओझं समजताय, ‘इतकी वर्षं फुकट गेली’ असं लिहिलंय. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कला आणि वाणिज्य शाखेची मुलं पुष्कळ असतात, विज्ञानातली पदव्युत्तर मुलं कमी. आणि संशोधन संस्थांना नेमकी तीच हवी असतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, आयआयटी, औषध कंपन्यांचे माहिती विभाग, पेटंट शोधून देणाऱ्या कंपन्या, इथे कुणीतरी संयुगाची रचना देऊन ‘यावर आधी काय काय झालंय’ असं विचारतो. रासायनिक संशोधनाच्या माहितीसाठ्यांवर, म्हणजे सायफाइंडर किंवा रीअ‍ॅक्सिसवर बसून ते शोधायला वर्गांक पाठ असून भागत नाही, रसायन कळावं लागतं. 1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत केंद्र आणि राज्यांच्या शासकीय शिक्षणसंस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली. नियतकालिकं आली, पण ती वापरायची कशी हे विद्यार्थ्याच्या शेजारी बसून दाखवणारा माणूस त्या सदस्यतेबरोबर आलेला नाही.

तेव्हा नकाशा जरा मोठा करा. तालुक्याचं अनुदानित महाविद्यालय ही एक खिडकी. शासकीय महाविद्यालयांची पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात, ती दुसरी. मोठ्या संस्था एम.लिब. झालेल्यांना वर्ष-दोन वर्षं ग्रंथालय प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात. विद्यावेतन बेताचं, पण तिथे जे शिकायला मिळतं ते तालुक्याला दहा वर्षांत मिळत नाही. घर सोडून राहावं लागेल. ते जमेल का, हे तुम्हालाच ठरवायचंय. केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयांत ग्रंथपालपदाला बी.लिब. पुरते, वेतनस्तर 7, मूळ वेतन 44,900, पण वयाची अट साधारण 35 ची असते आणि बदली देशभर. तुमच्या हातात चार वर्षं आहेत, म्हणून सांगितलं. शाळेच्या ग्रंथालयाला नाक मुरडू नका. पाण्यावरचं पुस्तक मागणारा मुलगा तिथेही येतो, फक्त तो आणखी कमी बोलतो.

शिक्षणाचं : नोकरी सोडू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूकडून बी.लिब. घरी राहून होतं, एक वर्ष. दूरस्थ अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची त्या वर्षाची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी बघून घ्या, नंतर नव्हे. एम.लिब. मात्र, जमलं तर, विद्यापीठाच्या विभागात जाऊन करा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, मुंबईचं एसएनडीटी, सगळीकडे विभाग आहेत. प्रात्यक्षिकं हाताखालून जातात, आणि पुढे नोकऱ्यांच्या बातम्या वर्गमित्रांकडूनच कळतात. 55 टक्के ही अट एम.लिब.ला आहे. 54 टक्के पडून सुधारणा परीक्षेला बसलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून पहिल्या सत्रापासून लक्ष ठेवा.

वडिलांशी वाद घालू नका. धूळ असतेच, मी 29 वर्षं साडीच्या पदराला बोटं पुसली. ते जे पाहतात ते काउंटर आहे, आणि काउंटरवरून बघितलं तर देणं-घेणं एवढंच काम दिसतं. तुमच्या महाविद्यालयात एखाद्या दुपारी त्यांना घेऊन जा, आत बसवा, चहा पाजा. पटलं तर पटलं. नाही पटलं तरी 57,700 हा आकडा त्यांना एकदा सांगून ठेवा. माझ्या वडिलांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही, पण वेतनस्तर बरोबर पाठ होता.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एक महिना द्या. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा आणि तास संपल्यावर रोज दीड तास काउंटरमागे बसू द्या म्हणून विचारा. फुकटची मदत कुणी नाकारत नाही. एका दुपारी शंभर पुस्तकांच्या नोंदी करून बघा, कंटाळा किती आला ते कळेल. परीक्षेच्या आधीचे आठ दिवस मुद्दाम निवडा, म्हणजे गर्दीही कळेल. बरोबर दोनशे पानी वही ठेवा. येणाऱ्याने जे मागितलं ते डावीकडे लिहायचं, जसंच्या तसं, ‘निळ्या कव्हरचं’ म्हणाला तर ‘निळ्या कव्हरचं’. खोदून विचारल्यावर खरं जे निघालं ते उजवीकडे. महिन्याअखेरीस उजवी बाजू रिकामीच राहिली असेल तर बी.लिब.चा अर्ज भरू नका. भरली असेल, तर त्यातले तुम्हाला आवडलेले दहा प्रश्न मला लिहून पाठवा, नावं गाळून.